दुतोंडी कण

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी मायक्रोस्कोपवरून डोळे काढले, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. काचपट्टीवर मघाशी दिसलं होतं तेच आताही दिसत होतं. कण सुटे राहिले नव्हते. कुठे पाच, कुठे दहा, एका कोपऱ्यात तर वीस-पंचवीस, असे एकमेकांना चिकटून त्यांचे घोस झाले होते.

त्याच वेळी आमच्या दातार मॅडम त्याच कणांची कुपी बर्फाच्या डब्यात घेऊन पुण्याबाहेर पडल्या होत्या. घाटापलीकडे जनावरांचा एक मोठा दवाखाना होता. तिथे साडेअकराला ते कण एका कुत्रीच्या शिरेत सोडायचे होते. एकटा कण इतका बारीक, की रक्ताच्या अगदी केसासारख्या नळीतूनही निघून जाईल. पंचवीस कणांचा घोस जाणार नाही. शिरेतून गेलेली प्रत्येक गोष्ट आधी फुप्फुसात पोहोचते, आणि घोस तिथेच अडकणार होता.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते, पीएचडीच्या चौथ्या वर्षात. सांगलीजवळच्या गावातून आलेली, मगदुमांची वैजयंती. इरावती दातार माझ्या गाइड. त्या रागावत नसत, आवाज चढवत नसत. फक्त समोरचा कागद खाली ठेवून, "पुन्हा कर," म्हणत. त्या दोन शब्दांचं मला भयंकर दडपण असे.

आमचं काम होतं दोन बाजूंचे कण बनवण्याचं. दोन बारीक सुया एकमेकींना चिकटवून बसवायच्या. एकीतून औषध मिसळलेलं पॉलिमरचं द्रावण सोडायचं, दुसरीतून तसंच द्रावण, पण एक्स-रेत पांढरी दिसणारी धातूची पूड घातलेलं. सुयांना पंधरा हजार व्होल्ट दिले की टोकावरचा थेंब ताणला जातो, त्याची धार होते, धारेचे तुषार होतात, आणि खालच्या पत्र्यावर पोहोचेपर्यंत वाळून त्यांचे कण बनतात. अर्धा कण औषधाचा, अर्धा धातूचा. एका बाजूने कॅन्सरच्या गाठीवर उपचार करायचे आणि दुसऱ्या बाजूने गाठ कुठे आहे, औषध तिथवर पोहोचलं का, ते दाखवायचं. लॅबमध्ये आम्ही त्यांना मांडूळ म्हणायचो, त्या दोन तोंडांच्या समजल्या जाणाऱ्या सापावरून.

कुत्रीचं नाव रेवा. काळी लॅब्राडोर, नऊ वर्षांची. सात वर्षं पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात काम केलेली. तिला सांभाळणारे हवालदार नामदेव खिलारे आणि ती एकाच महिन्यात निवृत्त झाले, आणि खिलारेकाका तिला घरी घेऊन गेले. वर्षभरात तिच्या पुढच्या पायाच्या हाडात गाठ निघाली. मग दुसऱ्या पायात. पाय कापून काही होण्यासारखं राहिलं नव्हतं. दवाखान्यातल्या डॉक्टर मुजावरांनी आमच्या कणांबद्दल त्यांना सांगितलं, आणि आदल्या आठवड्यात मी संमतीपत्र समजावून सांगायला तिथे गेले होते.

काका सरळ बसून माझं सगळं ऐकत होते. रेवा त्यांच्या बुटावर हनुवटी टेकून पडली होती. संमतीपत्राची चार पानं त्यांनी सावकाश, ओठ हलवत वाचली. मग म्हणाले की मला अक्षर कळतं, यातलं शास्त्र कळत नाही, म्हणून एकच विचारतो.

"तुम्ही हे रक्तात घालून बघितलंय का, ताई?"

"हो काका. बघितलंय."

"आणि नीट होतं?"

"नीट होतं," मी म्हणाले.

त्यांनी सही केली.

त्यानंतर सहा रात्री मला नीट झोप लागली नाही. मुजावरांनी तपासण्यांसाठी रेवाचं रक्त पाठवलं होतं, त्यातलं थोडं लॅबच्या फ्रीजमध्ये उरलं होतं. त्या सकाळी मॅडम निघून गेल्यावर मी ते बाहेर काढलं, त्यात त्याच खेपेचे कण मिसळले, शरीराइतक्या उबेत अर्धा तास ठेवले आणि काचपट्टीवर घेतले. मला कुणी तसं करायला सांगितलं नव्हतं.

घोस दिसल्यावर मी काय करायला हवं होतं ते उघड आहे. मी केलं दुसरंच. मी दुसरी काचपट्टी बनवली. मनात म्हणत होते की पहिली नीट पुसली नसेल, थेंब जास्त झाला असेल, काहीतरी असेल. वीस मिनिटं त्यात गेली. दुसऱ्या पट्टीवर घोस आणखी मोठे होते. माझ्या तळहातांना इतका घाम आला होता की हातमोजे निघेनात.

मॅडमचा फोन बंद होता. गाडी चालवताना त्या तो बंदच ठेवत. मुजावरांचा नंबर मॅडमकडे होता, माझ्याकडे नव्हता. दवाखान्याच्या लँडलाइनवर एका गृहस्थांनी शांतपणे माझा निरोप लिहून घेतला, मला वाचून दाखवला, आणि डॉक्टर राउंडवर आहेत, आले की देतो म्हणाले. त्यांना मी दोनदा सांगितलं की इंजेक्शन थांबवायचंय, जीव जाईल. कुणाचा, त्यांनी विचारलं. कुत्रीचा म्हटल्यावर त्यांचा आवाज सैल पडला, आणि हा कागद वेळेवर पोहोचणार नाही हे मला कळून चुकलं.

मी लॅबच्या कपाटातून एक पाकीट घेतलं, गेटबाहेर आले आणि उभी होती ती टॅक्सी केली.

त्या रस्त्याचं मला फारसं काही आठवत नाही. आठवतात ते भीतीचे दोन तुकडे. एक रेवासाठी होता. दुसरा माझ्यासाठी, आणि खरं सांगायचं तर तोच मोठा होता. घाटात एकदा माझ्या मनात आलं की टॅक्सी बंद पडावी. म्हणजे मी निघाले होते एवढं तरी खरं राहील आणि पुढचं काही बोलावं लागणार नाही. असं मनात आलं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

अकरा पंचवीसला मी दवाखान्यात पोहोचले. ऑपरेशनच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत रेवा स्टीलच्या टेबलावर कुशीवर पडलेली होती, मागच्या पायात सुई बसवलेली. काका तिचं डोकं दोन्ही हातांत धरून उभे होते. मॅडम घड्याळाकडे बघत होत्या. मुजावरांच्या हातात सिरिंज होती.

"थांबा," मी म्हणाले. "देऊ नका."

मुजावरांनी हात मागे घेतला. ते म्हणाले की पहिला हिस्सा तर अकराला दिलाय, एक दशांश, तिला सोसतं का ते बघायला. आता उरलेला द्यायचा होता.

म्हणजे मी टॅक्सीत होते तेव्हाच काही कण आत गेलेले होते.

मॅडमनी मला बाजूला घेतलं नाही. काय झालं, तिथेच विचारलं. मी रेवाच्या रक्ताबद्दल सांगितलं, घोसांबद्दल सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या की एका सकाळच्या दोन काचपट्ट्यांवरून असं धावत येणं बरोबर नाही.

"मागच्या महिन्यात तू मला रक्तातले बारा फोटो दिलेस. बाराही स्वच्छ होते."

इथे मला थांबता आलं असतं. आजच कळलं, आजच पळत आले, एवढं म्हणून मी शहाणी आणि धाडसी मुलगी ठरले असते. सगळ्यांना ते पटलं असतं. काका माझ्याकडे बघत होते.

"चौदा होते, मॅडम."

"काय?"

"फोटो चौदा होते. दोन मी तुम्हाला दिले नाहीत."

मी पाकीट पुढे केलं. मॅडमनी ते उघडलं नाही.

"काय आहे त्या दोनांत?"

"हेच. घोस."

का दिले नाहीत, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना ते कळलं असावं. दुसऱ्या दिवशी जनावरांवरच्या प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या समितीपुढे कागद जायचे होते. ते दोन फोटो दाखवले असते तर त्या "पुन्हा कर" म्हणाल्या असत्या आणि तीन महिने पहिल्यापासून सुरुवात झाली असती. मी स्वतःला सांगितलं होतं की थेंब वाळताना कण गोळा झाले असतील, आणि दोन फोटो पाकिटात घालून पाकीट कपाटात ठेवलं होतं. भीती वाटली म्हणून ठेवलं होतं. दुसरं कारण नाही.

 मग काकांनी रेवाच्या डोक्यावरचा हात न हलवता विचारलं.

"मी सही करायच्या आधी तुम्हाला विचारलं होतं, ताई. तेव्हा हे दोन फोटो निघालेले होते?"

"हो."

"बरं," ते म्हणाले, आणि परत रेवाकडे बघू लागले. ते मला काही बोलले असते तर बरं झालं असतं.

मॅडमनी मुजावरांच्या हातातली सिरिंज घेतली, टोपण लावलं आणि बर्फाच्या डब्यात ठेवली.  मुजावरांनी रेवाच्या छातीला स्टेथोस्कोप लावला, जागा बदलून पुन्हा लावला. मग मला जवळ बोलावलं आणि भिंतीवरचं घड्याळ दाखवून म्हणाले, तू हिचे श्वास मोज, दर पाच मिनिटांनी, पूर्ण एक मिनिट, आणि लिही. निरोगी कुत्र्याचे मिनिटाला तीसच्या आत असतात.

मी मोजले. चौतीस.

रेवा टेबलावर नको म्हणून तिला खाली घोंगडीवर निजवलं. काका एका बाजूला बसले, मी दुसऱ्या. तिच्या बरगड्या वर येत, खाली जात, आणि मी आकडे लिहीत होते. चाळीस. चव्वेचाळीस. बाराच्या पुढे बावन्न झाले तेव्हा तिने मान ताणून तोंड उघडलं, आणि तिच्या जिभेचा गुलाबी रंग उडाला. मुजावरांनी नाकावर प्राणवायूचा मुखवटा धरला, दोन इंजेक्शनं दिली, आणि आपल्या हातात आता एवढंच आहे असं मॅडमना हळू आवाजात सांगितलं. एकदा अडकलेले कण बाहेर काढता येत नाहीत. किती अडकलेत ते बघता येईल.

बघायचं साधन आम्हीच तिच्या अंगात घातलं होतं. साडेबाराला तिचा एक्स-रे काढला. मुजावरांनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली आणि आम्ही तिघं समोर उभे राहिलो. दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी पांढऱ्या धुळीचा सडा पडला होता. पायातल्या गाठींवर काहीच नव्हतं. औषधाचं अर्धं अंग कुठे पोहोचलं, ते धातूच्या अर्ध्या अंगाने अगदी चोख दाखवलं होतं. साडेतीन वर्षांत आमच्या कणांनी आपलं काम इतकं बिनचूक पहिल्यांदाच केलं होतं. मॅडम फिल्मसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "उरलेले नऊ हिस्से," आणि वाक्य पुरं केलं नाही.

मी परत घोंगडीपाशी गेले. अठ्ठावन्न. एकसष्ट. चौसष्ट. माझं स्वतःचं मोजणं चुकतंय की काय असं वाटून मी तिच्या बरगड्यांवर हात ठेवला. हाताखाली तिचं काळीज इतक्या जोरात धडधडत होतं की मी हात काढून घेतला. काकांनी माझं मनगट धरलं आणि हात पुन्हा होता तिथे ठेवला.

"ठेवा. तिला कुणीतरी जवळ आहे हे कळू द्या. आणि मोजा."

 एकदा त्यांनी आपणहून सांगितलं की बॉम्बच्या कामात ते कधी घाबरले नाहीत, कारण कुत्रीला वास आला तर ती बसते आणि नाही आला तर बसत नाही, साहेब समोर असोत की मंत्री. ती काय सांगतेय यावर त्यांनी सात वर्षं पाऊल टाकलं होतं. टोमणा मारायला ते हे बोलले नव्हते. तिच्याबद्दल सांगावंसं वाटलं म्हणून सांगत होते. मला मात्र मान वर करता आली नाही.

दोन वाजता पुन्हा चौसष्ट. सव्वादोनला बासष्ट, आणि मी तो आकडा तीन वेळा मोजून मग लिहिला. तीनला चोपन्न. मुजावरांनी स्टेथोस्कोप लावला आणि चहा मागवला. साडेचारला अडतीस झाले. रेवाने मुखवटा पंजाने बाजूला ढकलला आणि ती काकांच्या हातातून पाणी प्यायली. काकांनी भिंतीकडे तोंड केलं आणि रुमालाने चेहरा पुसला.

एक दशांशच गेलं म्हणून ती वाचली, मुजावर म्हणाले.

परतीच्या वाटेवर मी मॅडमच्या गाडीत होते. त्यांनी गाडी घाटाच्या माथ्यावर आणली. मग रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "आज तू आलीस, म्हणून तुला ठेवतेय. उद्या ते चौदाही फोटो तू समितीपुढे ठेवायचेस. मी बोलणार नाही." मी ठेवले. समितीने आधी सगळंच काम सहा महिने थांबवायचं ठरवलं, पण त्याच बैठकीत प्रयोगशाळेतलं काम चालू ठेवायला परवानगी दिली; जनावरांना द्यायच्या प्रत्येक खेपेला मात्र वेगळी मंजुरी लागणार होती. माझी पीएचडी दीड वर्ष लांबली. लॅबमधली दोन माणसं माझ्याशी कामापुरतंच बोलू लागली.

दोष धातूच्या बाजूत होता. रक्तात गेल्यावर तिच्यावरचा लेप सुटत होता आणि उघड्या पडलेल्या बाजू एकमेकींना चिकटत होत्या. मी लेप बदलला. सात आठवड्यांनी नवी खेप तयार झाली. त्याच सुमाराला मुजावरांचा मॅडमना फोन आला. रेवाच्या गाठी वाढल्या होत्या, ती आता उभी राहताना ओरडायची. खिलारे पुन्हा सही करायला तयार होते. समितीही अशा रोग्यासाठी एकदा मंजुरी द्यायला राजी झाली होती. खिलाऱ्यांची अट एकच होती. "काचपट्टी त्या मगदूम ताईंनीच बघायची आणि त्यांनीच मला सांगायचं."

मला वाटलं होतं ते माझं नावसुद्धा ऐकून घेणार नाहीत.

रेवाचं ताजं रक्त आलं. मी चाळीस फोटो काढले. एकोणचाळीस स्वच्छ होते, इतके की कण मोजता यावेत. एकतिसाव्यात सहा कणांचा एक घोस होता. मी तो मॅडमच्या टेबलावर सगळ्यांत वर ठेवला. त्यांनी भिंग घेऊन पाहिलं. चाळिसांत एक, सहाच कण, कदाचित चालूनही जाईल, त्या म्हणाल्या, आणि न देण्यातही तिचा जीव जाणारच आहे. मग भिंग खाली ठेवलं.

"त्यांनी तुला विचारलंय. तू सांग."

ती दुपार मला फार जड गेली. पहिल्या वेळी काय बरोबर ते मला माहीत होतं, फक्त हिंमत नव्हती. या वेळी काय बरोबर तेच कळत नव्हतं. हो म्हटलं आणि ती माझ्या हाताखाली गुदमरली तर. नाही म्हटलं आणि हेच औषध तिला लागू पडणार असलं तर. पुढची खेप व्हायला निदान अडीच महिने होते. चार वाजता मी काकांना फोन लावला.

मी चाळीस फोटोंचं सगळं सांगितलं. एकतिसाव्याचंही. मॅडमचं मतही सांगितलं. त्यांनी मध्ये अडवलं नाही.

"तुमचं काय म्हणणं, ताई?"

"नाही, काका. मला खात्री नाही. देऊ नये असं मला वाटतं."

"पुढचं कधी?"

"अडीच महिने तरी."

"तेवढे तिच्याकडं नाहीत."

"माहीत आहे मला."

फोनवर नुसता त्यांच्या घरातल्या पंख्याचा आवाज येत होता. मी जमिनीवर बसले. ते रागावतील, रडतील, फोन ठेवतील, यातल्या कशाचीही माझी तयारी नव्हती.

"मग नाही," ते म्हणाले. "मुजावर डॉक्टरांना मी सांगतो." मग त्यांनी विचारलं, "रविवारी सुट्टी असते का तुम्हाला?"

"असते."

"मग या घरी. औषध-बिषध काही आणू नका. ती तुम्हाला ओळखते आता."

तिसरी खेप डिसेंबरात जमली, आणि त्यानंतर तीन कुत्र्यांना ती दिली. तिघांनाही श्वासाचा त्रास झाला नाही. रेवा तोवर नव्हती. त्या फोननंतर ती एकोणीस दिवस जगली.

पण त्या रविवारी ती होती. पत्ता विचारत मी पोलीस वसाहतीच्या मागच्या गल्लीत शिरले आणि घराच्या पायरीपर्यंत जाऊन थांबले. आत जायचा धीर होईना. परत फिरावं असं वाटत असतानाच आतून नखांचा फरशीवर घासत येणारा आवाज आला, हळूहळू, मध्ये थांबत. दुखऱ्या पायांनी ती दारापर्यंत स्वतः चालत येत होती. मी चपला काढल्या आणि आत गेले.